हृदयाच्या झडपेची साक्ष

१६ ऑक्टोबर १७९३ चा दिवस. लंडन येथील सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या चालकांची सभा भरली होती. सभेत जॉन हंटर हा पासष्ट वर्षांचा शस्त्रवैद्य बोलावयास उठला. शस्त्रक्रिया हा न्हाव्याच्या हातचा उद्योग न राहता ते एक शास्त्र व्हावे, ह्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत हंटरचे नाव अग्रभागी आहे. त्याच्या बोलण्यास सभेत कोणी विरोध केला. हंटरला संताप अनावर झाला; परंतु त्याने तो गिळला, काही न बोलता तो शेजारच्या खोलीत गेला आणि तेथेच कण्हत कोसळून गतप्राण झाला. गेली वीस वर्षे त्याला छातीत कळा येण्याचा विकार होता. रागाने त्या कळा बळावतात हे त्याला पक्के ठाऊक होते. आपल्याला चिडविण्याची लहर ज्या कोणा दुष्टास येईल त्याच्या हाती आपला जीव आहे, असे तो म्हणत असे.

हंटरच्या मृत देहाची शास्त्रीय तपासणी झाली. तिचा वृत्तांत त्याचा मेहुणा एव्हरार्ड होम ह्याने पुढल्याच वर्षी, १७९४ साली, हंटरच्या ग्रंथाबरोबर प्रसिद्ध केला. त्यात हृदयासंबंधी तीन गोष्टी नमूद आहेत. हृदयाच्या मांसास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांच्या शाखा हाडाच्या नळ्यांसारख्या झाल्या होत्या. सुरीने त्या जेमतेम कापता येत, आणि कापल्यावरही त्यांची तोंडे मिटत नसत. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडपेच्या मुळाशी ठिकठिकाणी हाडासारखा कठीण थर जमला होता. एके जागी तर त्याची गाठच बनली होती. आणि हृदयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेचा स्वाभाविक मऊपणा नाहीसा झाला होता.

पहिल्या गोष्टीने हंटरचा प्राण घेतला, हे वैद्यकाने लवकरच मान्य केले. दुसऱ्या व तिसऱ्या गोष्टीकडे मात्र म्हातारपणाच्या खुणा म्हणून पाहिले गेले. एकाच वृत्तांतात शेजारी शेजारी लिहिल्या गेलेल्या ह्या तीन गोष्टी परस्परांच्या नात्यातल्या आहेत, झडपेवरील चुना हा पुष्कळदा त्या गुप्त वाहिन्यांच्या आजाराची साक्ष देतो, हे निश्चितपणे कळण्यास जवळजवळ दोनशे वर्षे जावी लागली. ह्या विलंबाचा इतिहास बोधप्रद आहे.

तो समजण्यासाठी हृदयाची रचना थोडी ध्यानात घ्यावी लागते. शुद्ध रक्त शरीरभर पोहोचविणाऱ्या वाहिनीस रोहिणी म्हणतात. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघणारी सर्वांत मोठी ती महारोहिणी. तिच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची एक झडप असते. प्रत्येक ठोक्याला ती उघडते, रक्त बाहेर जाऊ देते आणि लगेच मिटून त्याला मागे फिरू देत नाही. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा तिला हे काम करावे लागते. आणि निरोगी पाकळीची जाडी एक मिलिमीटरदेखील नसते. ह्या झडपेच्या अगदी लगत, पाकळ्यांमागील फुगीर खळग्यांतून, दोन लहान रोहिण्या निघतात व माथ्यावरील मुकुटाप्रमाणे हृदयाला वेढतात. ह्याच हृद्‌रोहिण्या, डॉक्टर मंडळी त्यांना कॉरोनरी म्हणतात. साऱ्या देहाला रक्त पुरविणाऱ्या हृदयाचे स्वतःचे पोषण होते ते ह्या दोन वाहिन्यांवर. तेव्हा झडप आणि हृद्‌रोहिणी ह्यांचा शेजार अगदी भिंतीला भिंत लागून आहे.

हा शेजार ज्याने बारकाईने न्याहाळला त्यांत लिओनार्दो दा विंची हा चित्रकार पहिल्या काहींपैकी होय. १५०७-०८ च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हा रुग्णालयात एक वृद्ध शांतपणे वारला. आपले वय शंभराहून अधिक असल्याचे त्याने मरणापूर्वी सांगितले होते. इतक्या सुखाच्या मरणाचे कारण काय, ह्या जिज्ञासेने लिओनार्दोने त्याचा देह उघडून पाहिला, तेव्हा हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी त्याला सुकलेली व आक्रसलेली आढळली. पुढे १५१३ च्या सुमारास बैलाच्या हृदयावरून काचेचा नमुना करण्याची योजना त्याने टिपून ठेवली. पाण्यात गवताचे बी सोडून प्रवाहाची वळणे पाहावी, आणि पाकळ्यांमागील खळग्यांत उठणारे भोवरे झडप मिटविण्यास कसे साहाय्य करतात ते जाणावे, असा त्याचा विचार होता. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९६८ साली हीच गोष्ट प्रयोगाने दाखविली. परंतु लिओनार्दोची टिपणे त्याच्या हयातीत छापली गेली नाहीत, आणि वैद्यकाला त्यांचा उपयोग झाला नाही.

छातीतील त्या जीवघेण्या कळेचे नेमके वर्णन लंडनच्या विल्यम हेबर्डेन ह्याने १७६८ साली तेथील वैद्यांच्या महाविद्यालयापुढे वाचले व १७७२ साली छापले. चालताना, विशेषतः चढण चढताना व जेवणानंतर, छाती आवळल्यासारखी होते आणि माणूस उभा राहिला की ती वेदना ओसरते, हे त्याने अचूक टिपले. कारण मात्र त्याला उमगले नव्हते. तो लेख वाचून एका अनामिक डॉक्टराने, आपल्यालाही हाच विकार आहे, मरणोत्तर आपला देह तपासावा, असे हेबर्डेनला कळविले. थोड्याच दिवसांत तो वारला. तपासणी केली ती जॉन हंटरनेच. हृदय, वाहिन्या आणि झडपा सर्वसाधारण दिसतात, महारोहिणीत तेवढे थोडे कठीण ठिपके आहेत, असा निष्कर्ष निघाला. त्या वेळी हजर असलेल्या हंटरच्या तरुण शिष्याला मागाहून वाटले, की हृद्‌रोहिण्या त्या दिवशी उघडून पाहिल्याच नव्हत्या.

हा शिष्य म्हणजे एडवर्ड जेनर. देवीच्या लशीचा जनक म्हणून त्याचे नाव पुढे जगभर झाले, आणि १८०२ साली ती लस मुंबईसही पोहोचली. पण त्याआधी छातीच्या कळेने दगावलेल्या एका रोग्याचे हृदय कापत असता त्याची सुरी अशा काही खरखरीत कठीण पदार्थावर आदळली, की जुन्या छताचा गिलावा वरून पडला की काय म्हणून त्याने मान वर करून पाहिले. गिलावा पडला नव्हता. हृद्‌रोहिण्याच हाडासारख्या झाल्या होत्या. कळेचे मूळ जेनरला सापडले. परंतु ते जाहीर करण्यास त्याचे मन धजेना. कारण ह्याच सुमारास गुरू हंटर ह्यास तीच कळ येऊ लागली होती. ज्या आजाराला उपाय नाही त्याचे कारण गुरूला कळवून काय साधणार, ह्या विचाराने शिष्याने मौन पाळले. हंटर गेल्यानंतर, १७९९ साली, बाथ येथील केलेब पॅरी ह्या मित्राच्या ग्रंथात जेनरचे हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. गुरूच्या स्वतःच्या हृदयाने त्याची सत्यता तत्पूर्वीच पटविली होती.

रोहिणीची कथा इथवर आली. झडपेचे काय झाले? इटलीतील पादुआ येथील जोव्हान्नी बात्तिस्ता मोर्गान्यी ह्याने १७६१ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, शेकडो शवविच्छेदनांवर आधारलेला जो महाग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हाडासारख्या कठीण झालेल्या झडपांची वर्णने आहेत. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लायनेक ह्याने कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीवर ठेवली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. १८१९ साली त्याचा ग्रंथ निघाला. आता जिवंत माणसाच्या हृदयाचा आवाज ऐकू येऊ लागला. झडप अरुंद वा सैल झाली, की ठोक्याबरोबर भात्यासारखा फुसकारा उठतो; ह्याला डॉक्टर मर्मर म्हणतात. अशा रीतीने झडप बोलू लागली. हृद्‌रोहिणी मात्र मुकीच राहिली. ती कितीही अरुंद झाली तरी नळीतून तिचा आवाज कानी येत नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील हृदयरोगाची विद्या बव्हंशी झडपांची विद्या होऊन बसली आणि हृद्‌रोहिणीचा विचार शवविच्छेदनाच्या टेबलापुरता उरला.

दुसरेही एक कारण होते. त्या काळी झडपा बिघडत त्या मुख्यतः संधिवाताच्या तापाने. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, आणि कालांतराने तरुण वयातच झडपेच्या पाकळ्या एकमेकींस चिकटून आखडतात. हा दारिद्र्याचा व दाटीवाटीच्या वस्तीचा रोग होय. भारतात तो आजही पुरता हटलेला नाही. झडप बिघडली म्हणजे संधिवाताचा ताप, असे समीकरण डॉक्टरांच्या मनात रुजले होते. म्हाताऱ्यांच्या झडपांवरील चुन्याची वेगळी दखल घेतली ती जर्मनीच्या योहान गेओर्ग म्योंकेबर्ग ह्याने. १९०४ सालच्या आपल्या निबंधात त्याने दाखविले, की एक प्रकारचे काठिण्य पाकळीच्या मुळाशी सुरू होऊन कडेकडे सरकते आणि त्यात जुन्या दाहाची खूण नसते. दिवसरात्र उघडमीट करून झडप झिजते आणि झिजलेल्या जागी चुना साठतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

ही कल्पना मनाला सहज पटणारी होती. दाराची बिजागरी जशी गंजते, जात्याचा दगड जसा झिजतो, तशीच ही झडप. झीज म्हटली की विचारण्यासारखे काही उरत नाही. वृद्ध माणसाच्या छातीत हलका मर्मर ऐकू आला आणि झडप नीट उघडते असे दिसले, तर डॉक्टर त्याला निरुपद्रवी ठरवीत. ह्या धीराच्या शब्दांत माया होती. परंतु मागील काही दशकांत मिळालेले ज्ञान असे, की त्या मर्मराच्या पाठीमागे काही अधिक दडलेले असू शकते.

हे ज्ञान होण्यास दोन्ही शेजाऱ्यांना जिवंतपणी पाहता येणे आवश्यक होते. शिकागोच्या जेम्स हेरिक ह्याने १९१२ साली प्रतिपादिले, की हृद्‌रोहिणीत रक्ताची गुठळी अडकली म्हणजे माणूस तत्काळ मरतोच असे नाही. हा आजार जिवंत रोग्यात ओळखता येतो. १९५३ च्या ऑक्टोबरात स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हा डॉक्टर व हेल्मुट हर्ट्‌झ हा पदार्थविज्ञानवेत्ता ह्या जोडीने, धातूतील भेगा शोधण्याच्या यंत्राचा उपयोग करून, न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींच्या पडसादावरून हृदयाची हालचाल नोंदविली. आज गावोगावी ज्याला ‘इको’ म्हणतात, त्या तपासणीचा हा आरंभ. १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स हा महारोहिणीत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडीत असता नळीचे टोक चुकून हृद्‌रोहिणीत शिरले. रोगी दगावणार ह्या भीतीने सोन्सचा थरकाप उडाला. पण रोगी वाचला आणि हृद्‌रोहिणीचे थेट चित्र काढण्याचा मार्ग मोकळा झाला. पाच वर्षांच्या अंतराने झडप व रोहिणी अशा दोन्ही डोळ्यांसमोर आल्या.

मग हिशेब जुळू लागला. १९८६ साली अमेरिकेचे विल्यम रॉबर्ट्‌स ह्यांनी वृद्धांच्या हृदयांचा अभ्यास मांडून दाखविले, की हृद्‌रोहिण्या, महारोहिणीची झडप आणि डाव्या दोन कप्प्यांमधील झडपेचे कडे ह्या तिन्ही ठिकाणी चुना वारंवार एकत्रच आढळतो. ही शेवटची झडप बिशपच्या मुकुटासारखी दिसते म्हणून तिला मायट्रल हे नाव पडले आहे. रॉबर्ट्‌स ह्यांनी ज्या तीन जागा सांगितल्या, त्याच तीन जागा १७९४ च्या हंटरविषयक वृत्तांतात नोंदल्या गेल्या होत्या!

तिन्ही जागी चुना एकत्र का आढळावा? १९९४ साली सिअॅटल येथील कॅथरीन ऑटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच जाड होऊ लागलेल्या झडपा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. तेथे नुसती झीज नव्हती. पाकळीच्या आत स्निग्ध द्रव्य साठले होते. ते गिळावयास आलेल्या पांढऱ्या पेशींची गर्दी होती. आणि चुन्याचे कण आधीच जमू लागले होते. हृद्‌रोहिणीच्या भिंतीत जो विकार होतो, त्याचीच ही भावंड. वाढते वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल हीच दोघांची कारणे. झीज म्हणून जी स्वस्थ बसलेली गोष्ट समजली जात होती, तो वस्तुतः चालू असलेला रोग होता.

ह्याचा रोग्याच्या आयुष्याशी काय संबंध, ह्याचे उत्तर १९९९ साली मिळाले. पासष्ट वर्षांवरील ५,६२१ अमेरिकन स्त्रीपुरुषांचा इको काढून त्यांच्यावर सरासरी पाच वर्षे लक्ष ठेवण्यात आले होते. त्यांपैकी सुमारे २९ टक्के लोकांत महारोहिणीची झडप जाड व कठीण झालेली होती, पण रक्ताला अडथळा करीत नव्हती. खरोखर अरुंद झालेली झडप अवघ्या २ टक्क्यांत होती. पूर्वीच्या समजुतीप्रमाणे ते २९ टक्के निर्धास्त असावयास हवे होते. परंतु त्यांच्यात हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा, तसेच हृदयाचा झटका येण्याचा धोका, निकोप झडप असलेल्यांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळला. माणसे झडपेमुळे मरत नव्हती, कारण ती झडप नीट उघडत होती. झडप केवळ साक्षीदार होती. घात दुसरीकडे चालू होता. २००३ साली फ्रेमिंगहॅम येथील दीर्घ पाहणीतून मायट्रल झडपेच्या कड्यावरील चुन्यासंबंधीही असाच निष्कर्ष निघाला.

येथे एक उलट शंका घेणे योग्य ठरेल. विकार जर एकच, तर एकावरचे औषध दुसऱ्यालाही लागू पडावयास हवे. कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिन औषधांनी हृद्‌रोहिणीच्या रोग्यांना मोठा लाभ झाला होता. तेव्हा ती अरुंद झालेल्या झडपेच्या रोग्यांना देऊन पाहण्यात आली. २००५ साली स्कॉटलंडमधून, २००८ साली १,८७३ रोग्यांच्या मोठ्या युरोपीय प्रयोगातून आणि २०१० साली कॅनडातून एकच उत्तर आले: झडपेचा आजार थांबला नाही. मात्र २००८ च्या प्रयोगात एक गोष्ट विशेष होती. त्याच रोग्यांत हृद्‌रोहिणीसंबंधीच्या घटना औषधाने कमी झाल्या. म्हणजे आरंभ सारखा असला, तरी पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. झडपेत एकदा चुना धरला, की तो आपल्या गतीने वाढतच जातो. झडप अतिशय अरुंद झालेल्या वृद्धांपैकीही सुमारे निम्म्यांतच हृद्‌रोहिणीचा लक्षणीय आजार आढळतो. साक्ष महत्त्वाची खरी, पण केवळ तिच्यावर निकाल देता येत नाही.

झडपेची साक्ष आणखी एका तऱ्हेची असते. मायट्रल झडपेच्या पाकळ्या बारीक दोऱ्यांनी हृदयातील छोट्या मांसस्तंभांना बांधलेल्या असतात. हृद्‌रोहिणी अडल्याने त्या स्तंभांना रक्त कमी पडले, म्हणजे दोऱ्यांचा ताण बिघडतो आणि पाकळ्या निर्दोष असूनही झडप गळू लागते. न्यू ऑर्लीन्सच्या जॉर्ज बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली ह्याचे सविस्तर वर्णन केले. हृदयाच्या झटक्यानंतर छातीत नवा मर्मर ऐकू आला, तर डॉक्टर घाईने इको करवितात तो ह्याचसाठी. चुन्याची साक्ष अनेक वर्षांची असते; ही साक्ष काही तासांची असू शकते आणि ती तत्काळ ऐकावी लागते.

अर्थात प्रत्येक बिघडलेली झडप हृद्‌रोहिणीकडे बोट दाखवीत नाही. विशीतील मुलीची झडप आखडलेली असेल, तर आपल्या देशात आधी संधिवाताच्या तापाचा विचार करावा लागतो. शंभरातील एकदोघांना जन्मतःच महारोहिणीच्या झडपेला तीनऐवजी दोन पाकळ्या असतात, आणि त्यांच्यात चुना लवकर साठतो. माणसाचे वय, त्याचा पूर्वेतिहास, कुटुंबातील आजार हे सारे ध्यानात घेऊनच डॉक्टर त्या खुणेचा अर्थ लावतो.

जेनरच्या मौनाचा दोष त्याला देता येणार नाही. त्या काळी हृद्‌रोहिणीच्या आजारावर त्याला दूर करणारा उपाय नव्हता, आणि निरुपाय ज्ञान गुरूच्या हृदयावर ओझेच झाले असते. आज ती स्थिती राहिलेली नाही. रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवता येते, तंबाखू सोडता येते, कोलेस्टेरॉल उतरविता येते, अरुंद हृद्‌रोहिणी रुंद करता येते. २००२ साली फ्रान्समधील रुआँ येथे आलँ क्रिबिये ह्यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी नेऊन, नवी झडप बसविण्याचा मार्गही दाखवून दिला. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांच्या इकोच्या कागदावर झडप जाड झाल्याचा किंवा चुना साठल्याचा शेरा आढळला, तर भिऊन जाण्याचे कारण नाही. परंतु वयाची झीज म्हणून तो कागद घडी घालून कपाटात ठेवून देऊ नये. चालताना छाती आवळते काय, चढणीवर दम लागतो काय, हे त्यांना विचारावे. डॉक्टरांकडे तो कागद पुन्हा न्यावा आणि हृद्‌रोहिण्यांची काळजी आता कशी घ्यावी, हा प्रश्न त्यांना करावा.